विंगेत दोघं

सादेक, १९३६
सातव्या महिन्याची तृतीया

मालक,

सात वर्षांनी लिहिते आहे. हाक कशी मारायची यातच सकाळ गेली. नाटकमंडळीतले सगळे तुम्हाला मालक म्हणतात. मीही म्हणायची, लग्नाआधी आणि लग्नानंतर. तेच बरं.

काल सुक्या माशांची पुडी सोडली तर आत तुमचं हँडबिल निघालं. वर पोलीस कचेरीचा शिक्का, प्रयोगास हरकत नाही. मध्ये तुम्ही, सेनापतीच्या वेषात. हा सेनापती पूर्वी कोणाशी लढायचा ते मला आठवतं. आता फ्रेंच साहेबाच्या भीतीनं तो नुसत्याच 'उत्तरेकडच्या शत्रू'शी लढतो. तुमच्या शेजारी किम फुंग, नायिकेच्या वेषात. आणि खाली: मालकांची कन्या कुमारी लुआ, वय तेरा, प्रथमच रंगभूमीवर.

बाकीची अक्षरं बारीक आहेत, 'वय तेरा' मात्र ठळक आहे. ते तुम्ही सांगून छापलं असणार. पहिल्या रांगेत बसणारे जमीनदार काय वाचतात हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सोळाची होते तेव्हा तुमच्या वडिलांनी माझं वय चौदा छापलं होतं.

लुआला उभी करू नका. तिला माझ्याकडे पाठवा.

तिथं ती काय करील, असं तुम्ही विचाराल. तांदूळ भिजवील, दळील, दुपारी शेवया पाडील. मी करते तेच. हात पांढरे होतात, दुसरं काही होत नाही.

जुनं उकरायचं नव्हतं. पण लुआला तुम्ही काय सांगितलंय ते मला माहीत नाही, म्हणून एवढं लिहिते. कायबेच्या जत्रेत दुपारच्या खेळाला माझ्या मुकुटाच्या पेटीत थीचं गोड वासाचं फळ सापडलं. ते मी आणलं नव्हतं. जन्म मंडळीच्या नावेवर काढलेली बाई त्या फळाचं नावसुद्धा घेत नाही, 'ते पिवळं' म्हणते. मी ते मुकुटाशेजारी ठेवीन का? दुसऱ्या अंकात माझं पद मध्येच तुटलं. तोंड उघडं आणि आवाज नाही. तंतुवाला तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. पडदा पाडल्यावर पाचवे काका ढोलावरून उठून आले. "काय दिसलं, पोरी?"

मी म्हटलं, "विंगेत दोघं होते."

मग कोणाला काही विचारायचं उरलंच नाही. "राजपुत्र!" काका ओरडले. "दोघे राजपुत्र आले, आपले पूर्वज. त्या पिवळ्याच्या वासाशिवाय ते येत नाहीत, आणि ज्याला दिसतात त्याचा गळा घेऊन जातात. पेटी उघडा हिची!"

पेटी उघडली. फळ होतं.

विंगेत कोण दोघं होते, असं तुम्ही एकट्यानंच मला विचारलं नाहीत. तुम्हाला विचारायची गरज नव्हती.

लाय


सातव्या महिन्याची एकादशी

मालक,

उत्तर म्हणून तुम्ही कपडेपटातल्या सहाव्या मावशीला पाठवलंत. पानात बांधलेला चिकट भात मिळाला. चांगला होता.

अंगणात बाज टाकली होती. मावशी बसली, पंखा हलवायला लागली. "कसला ग गोड वास तुझ्या दारात?" मग तिनं वर पाहिलं. साठीची बाई अशी उठली की बाज उलटी झाली.

"मेले! अग, थीचं झाड! आता मला अंगावरचे कपडे नदीत सोडून नावेवर चढावं लागेल."

"माझ्या आजीनं लावलंय."

"दारात हे झाड, आणि नात नाटकात दिली?"

"तिला खाणारी तोंडं मोजायची होती, मावशी. झाडं नव्हे."

त्यानंतर ती कुंपणाबाहेर उभी राहून बोलली. मालक म्हणतात, पोरीची मर्जी आहे. मी म्हटलं, तेरा वर्षांच्या पोरीला मर्जी कुठून फुटली? ती म्हणाली, "तुला कुठून फुटली होती?" तिचं तोंड तुम्हाला माहीत आहे.

लुआचा निरोपही तिनं सांगितला, डोळे माझ्यावरून काढून. "म्हणाली, तिनं आमच्या मंडळीचं नाव बुडवलं. आता माझं बुडवायला येऊ नको म्हणावं."

तिच्या मनात हे कोणी भरवलं ते विचारत नाही.

तुमचा खरा निरोप मात्र मावशीच्या पोटात राहिला होता. तो ती निघता निघता बोलली. पाचवे काका अडून बसलेत. ज्या घरातून फळ आलं त्या घरातली पोर आम्ही पूर्वजांच्या वेदीपुढे वाकू देणार नाही, आणि वेदीपुढे वाकल्याशिवाय कोणी रंगमंचावर पाय ठेवत नाही. फळ आणणारीनं आधी येऊन क्षमा मागावी. तीही पूर्वजांच्या दिवशी, आठव्या महिन्याच्या द्वादशीला, सगळ्यांसमोर. म्हातारे सगळे काकांच्या बाजूचे आहेत. म्हणून तुम्हाला सात वर्षांनी माझी आठवण झाली. मी आधी लिहिलं हा योगायोग, नाहीतर भात तसाही आला असता.

म्हणजे मी घरी बसून राहिले की झालं. लुआला ते घेणार नाहीत, आणि मला हवं ते हातपाय न हलवता मिळेल. शेवया पाडत बसायचं आहे, ते मी रोजच करते.

जास्त दाबू नका. त्या दिवशी अगरबत्ती लावायला आलेल्याला कोणी अडवत नाही, अगदी हाकलून दिलेल्यालाही. मी आले तर फळ कोणी ठेवलं ते सांगेन. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

लाय


सातव्या महिन्याची वद्य पंचमी

खिएम,

आज मालक म्हणवत नाही. तुम्हीही म्हणवत नाही.

तुझ्या चार ओळी मिळाल्या. स्वतःच्या हातानं लिहिल्यास. त्या इथे पुन्हा लिहिते, म्हणजे मी त्यात भर घातली असं तुला म्हणता येणार नाही. "फळ लुआनं ठेवलं हे मलाही माहीत आहे. बाजारात तिनं हट्ट धरला, मीच घेऊन दिलं. मी असलं काही मानत नाही, पण मंडळी मानते. द्वादशीला ये, आपल्या अंगावर घे, पोरीची वाट मोकळी कर."

मला वाटत होतं, हे एकट्या मला ठाऊक आहे.

काकांनी फळ वर धरलं तेव्हा ते दोऱ्याच्या जाळीत होतं, गावातली पोरं गळ्यात घालून हुंगत फिरतात तसं. जाळीच्या गाठी उलट्या होत्या. मंडळीत डावखुरं एकच माणूस होतं, सहा वर्षांचं, आणि ते माझ्या मांडीला चिकटून उभं होतं. तिनं तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिच्या तळव्यांना तोच वास येत होता. आईच्या मुकुटाला छान वास यावा, एवढंच तिच्या मनात असणार. नावेवर जन्मलेली पोर, पण तिला कोणी सांगितलं नव्हतं. आपण त्याचं नावच घेत नव्हतो, मग सांगणार कसं?

तू खांबाला टेकून सिगरेट ओढत होतास. तुला गाठी कळल्या नाहीत असं मी धरून चालले. आणि मी गप्प राहिले, कारण काकांना कळलं असतं तर त्यांनी पोरीला त्याच घाटावर उतरवलं असतं.

मला उतरवलं.

सात वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू भ्यालास. तीन पिढ्यांची मंडळी, वडिलांनी मरताना वेदीची किल्ली तुझ्या हातात दिलेली. राजपुत्रांपुढे तू तरी काय करणार? त्या समजुतीत थोडा मान होता, तुझाही आणि माझाही. आता तू लिहितोस की तू मानत नाहीस. फ्रेंच शाळेतून आलास तेव्हाच सोडलं असशील. मानत नव्हतास, म्हणून तर पोरीला फळ घेऊन दिलंस.

मग मला काढलंस कशासाठी?

किम फुंगला नायिकेची खोली हवी होती, एवढं सरळ सांगायचं होतं. मी आरडाओरडा केला असता. ताटल्या फोडल्या असत्या. मग राजमातेचं काम घेतलं असतं आणि आपल्या पोरीशेजारी झोपले असते. एवढ्यासाठी देव मध्ये आणायला नको होते.

आणि त्या दुपारी विंगेत. माझी शेवटची ओळ यायची होती, मी नेहमीसारखी तुझ्याकडे पाहिलं. तू तिच्या गळ्यात हार घालत होतास. तिसऱ्या अंकातला, माझा. तिनं केस वर धरले होते आणि तू आकडा लावत होतास. आकडा जुना आहे, लवकर लागत नाही. तू घाईत नव्हतास.

"विंगेत दोघं होते," मी म्हटलं, आणि सगळ्यांनी आकाशाकडे पाहिलं. काकांनी विचारलं असतं, कोण दोघं ग, तर मी सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. नवऱ्यापायी बाईचा आवाज जातो असली नाटकं मी चिकार केली होती. खऱ्यात तसं व्हावं याची मला लाज वाटली. राजपुत्रांनी नेला म्हणणं बरं वाटलं. पुढे तेच खरं वाटायला लागलं. गेली सात वर्षं मी दारातल्या झाडाखालची फळं काठीनं ढकलते, हात लावत नाही.

मी येणार नाही.

लाय


आठव्या महिन्याची षष्ठी

खिएम,

मावशी पुन्हा येऊन गेली. या वेळी तू पाठवलं नव्हतंस, तिला शेवया हव्या होत्या. कुंपणापलीकडूनच घेतल्या.

मी विचारलं नव्हतं, तरी तिनं सांगितलं. लुआ रडत नाही, भांडत नाही. काकांनी नाही म्हटल्यापासून कपडेपटात बसून टाके घालते. टाके चांगले आहेत. "उलट्या हाताचे, पण बारीक," मावशी म्हणाली. दुपारी सगळे झोपले की खाली पाण्याच्या रांजणांपाशी जाते आणि तोंड रांजणात घालून पद म्हणते.

"कुठलं पद?"

"आता कुठलं विचारतेस? तुझंच."

मावशीनं म्हणून दाखवलं. तिला सूर नाही, तुला माहीत आहे, तिच्या गाण्यानं कोंबड्या उठतात. पण एक गोष्ट तिनं बरोबर केली. शेवटच्या ओळीआधी थांबली, श्वास घेतला, आणि सूर उशिरा सोडला. "असं करते बघ. पाचवे काका चिडतात. म्हणतात, मला ढोलावर हात धरून बसावं लागतं, ही येते का नाही म्हणून."

मी म्हटलं, पुन्हा म्हण.

"वेडी का तू? रस्त्यात उभी आहे मी."

"पुन्हा म्हण, मावशी."

तिनं पुन्हा म्हटलं. रस्त्यानं बदकं घेऊन जाणारा माणूस हसत थांबला.

हे मी तिला शिकवलं नव्हतं. तू शिकवणार नाहीस. तुला ताल सरळ लागतो. किम फुंगला तेवढा दम नाही. सहा वर्षांच्या पोरीनं पडद्यामागे बसून ऐकलं असेल, आणि ठेवलं असेल.

काल मी पीठ दळताना हिशेब मांडून पाहिला. मी गेले नाही तर लुआ रंगमंचावर जाणार नाही, हे खरं. पण माझ्याकडेही येणार नाही. ती कपडेपटात बसेल, दुसऱ्यांच्या मुकुटांना टाके घालील, आणि रांजणात गाईल. माझ्यामुळे. एवढंच मला जिंकता येतं.

द्वादशीला येते.

दोन गोष्टी. तिचं वय छापू नकोस. आणि पहिल्या रांगेतला कोणी पडद्यामागे आला तर तू उठून त्याला बाहेर घालव, तुझे वडील उठले नव्हते. अट घालण्याच्या जागी मी नाही हे मला कळतं. तरी घालते.

लाय


आठव्या महिन्याची चतुर्दशी

खिएम,

तू तिथेच होतास, तरी लिहिते. तुला सगळं दिसलं नाही.

द्वादशीला पहाटे अंगण झाडलं. वाऱ्यानं खूप फळं पडली होती. या वेळी काठी घेतली नाही. हातानं उचलली, टोपलीत भरली, शेजारच्या पोरांना दिली. मग राखेनं हात धुतले, लिंबू चोळलं. बोटीत बसल्यावर हुंगले. वास गेला नव्हता. उलट फिरायला वेळ नव्हता.

तुझी वेदी चांगली सजवली होती. भाजलेलं डुक्कर मोठं होतं. दोघा राजपुत्रांच्या बाहुल्यांना नवे झगे होते, टाके उलट्या हाताचे. मी वाकले. पाठ केलेलं बोलले. फळ मी आणलं. वासाचा मोह झाला. शिक्षा म्हणून राजपुत्रांनी मला विंगेत दर्शन दिलं आणि गळा नेला. ज्याचं त्याच्यापाशी, माझ्या लेकीवर त्याचा डाग नको.

"एवढं सांगायला सात वर्षं लागली?" काका म्हणाले.

"बोट उशिरा निघाली, काका."

कोणीतरी हसलं. काकांनाही हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. म्हातारा चांगला आहे. त्यांनी ढोलावर तीन थापा दिल्या आणि प्रकरण संपलं. तंतुवाला म्हणाला, मला तेव्हाच वाटलं होतं. किम फुंगनं माझ्या हातात चहा दिला. तिच्या केसांत पांढरं दिसतं आहे, आणि हँडबिलावर तिचा फोटो तुझ्यापेक्षा लहान छापतोस. मी तिच्यावर चिडायचं म्हणून गेले होते. जमलं नाही.

तू मान खाली घालून उभा होतास. क्षमा करणारा राजा तुला पहिल्यापासून चांगला जमतो.

आता तुला न दिसलेलं.

पूजेनंतर लुआला वेदीपुढे पद म्हणायचं होतं, ते तू सांगितलंच होतंस. मी पडद्यामागे चपला शोधत होते. ती मुकुट घालून बसली होती, मावशीला मुकुटाची नाडी नीट बांधता येईना. लुआनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला गाठ मारता येते?"

तुम्हाला, म्हणाली. मी म्हटलं, येते.

मी मागे उभी राहून नाडी बांधली. मान माझ्यासारखी आहे, आखूड. तिला मुकुट थोडा मागे घालायला सांग.

"का केलंत तसं?" तिनं विचारलं.

"वास आवडला."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

"मी नसतं केलं."

"नाही. तू शहाणी आहेस."

नाडीचं टोक तिच्या हनुवटीखाली खोचायचं होतं. मी हात पुढे नेला आणि तिनं तो धरला. डाव्या हातानं. नाकाशी नेला. मावशी मुकुटपेटीत डोकं घालून बसली, तिला काही कळलं नाही असं तिनं मला नंतर शपथेवर सांगितलं.

"हा वास मला माहीत आहे," लुआ म्हणाली.

"साबण आहे."

"कुठला?"

"बाजारातला. पिवळा."

ती माझा हात सोडेना. मग तिनं स्वतःचा तळवा उलटा केला आणि तोही हुंगला, तिथं आधीपासून काही असावं तसा. "मी लहान असताना..."

"ओठांचा रंग जाईल. बोलू नको."

"आई, मी लहान असताना..."

"लुआ, घंटा झाली. जा."

तिनं हात पुसायला फडकं उचललं होतं. ते परत ठेवलं आणि गेली.

पुढचं आपण दोघांनी पाहिलं. तू विंगेत येऊन माझ्या शेजारी उभा राहिलास. का आलास ते मी विचारत नाही. तिला आवाज आहे. तुझ्या ढंगाचा पहिला भाग, मग माझा. शेवटची ओळ यायच्या आधी तिनं विंगेकडे पाहिलं. तिच्या हाताला थीचा वास होता आणि विंगेत दोघं उभे होते, तू आणि मी, मध्ये हातभर अंतर ठेवून.

ती थांबली. तंतुवाल्यानं मान वर केली. पाचव्या काकांचा हात ढोलावर उचललेलाच राहिला. तू माझं मनगट धरलंस, तुला कळलंही नसेल. तुझी बोटं गार पडली होती. तू मानत नाहीस ना?

मग तिनं श्वास घेतला, आपल्या दोघांवरची नजर न काढता, आणि सूर सोडला. उशिरा, सोडायचा तसा.

लाय